हिरव्या कड्यातली बाई

भाषांतरकाराला काम कुठून मिळतं, हे भाषांतरकार सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या दूधवाल्यालासुद्धा. "वहिनी, त्या फेसबुकावर टाका की," असं तो मला कैक वर्षं सांगतोय. स्वतः दूध मात्र दारोदार हिंडूनच विकतो.

मी सांगलीत राहते आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. हे ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांत एकदम आदर दाटतो, कारण त्याला कादंबरी दिसत असते. मी करते ती कीटकनाशकाच्या डब्यातली घडीपत्रिका, विम्याच्या अटी, मिक्सरची वॉरंटी आणि नव्या औषधाच्या चाचणीला बसणाऱ्या माणसाकडून सही घ्यायची संमतीपत्रकं. कीटकनाशकाबरोबर प्रादेशिक भाषेतली पत्रिका द्यावीच लागते, असा नियम आहे. त्या नियमावर मराठीही जगते आणि मीही. माझ्याइतकं छापून येणारी लेखिका महाराष्ट्रात क्वचितच असेल. माझ्याइतकी न वाचली जाणारी तर दुसरी नक्कीच नाही.

दिल्लीकडच्या एका एजन्सीकडून मला नेमानं काम यायचं. तिच्या प्रत्येक मेलची सुरुवात "डिअर लिंग्विस्ट, होप यू आर डुइंग वेल" अशी आणि शेवट "प्लीज कन्फर्म इन टेन मिनिट्स" असा. मग एका सोमवारी मेल आली की यापुढे भाषांतर मशीन करील, तुम्ही त्यावरून नुसती नजर फिरवायची. नजरेचा दर आधीच्या दराच्या पाव हिस्सा. मी नजर फिरवली. मशीननं फवारणीच्या सूचना अशा काही केल्या होत्या, की त्या पाळल्या असत्या तर कीड वाचली असती आणि शेतकऱ्याचं काही खरं नव्हतं. सगळं पुसून मी पुन्हा लिहिलं आणि पाव दरानं बिल पाठवलं. पैसे साठ दिवसांनी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करावेत, असा कायदा २००६ सालापासून आहे. मी सूक्ष्म आहे यावर सगळ्यांचं एकमत आहे. उद्योग आहे, हे कुणी मानत नाही.

अशा वेळी पुण्याहून पुतण्या आला. तो डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे, म्हणजे नक्की काय करतो ते घरात कुणाला सांगता येत नाही, पण त्याचा पगार सगळ्यांना सांगता येतो.

"काकू, तुमचा प्रॉब्लेम एकच आहे," तो तिसरी पुरणपोळी घेत म्हणाला. "तुम्ही दिसत नाही."

"मला तर चोवीस तास दिसते," नवरा पेपराआडून म्हणाला.

"काका, ऑनलाइन."

"मग बरं आहे की!"

त्याच दुपारी लिंक्डइनवर माझी प्रतिष्ठापना झाली. आधी फोटो. ज्यात मी एकटी आहे असा फोटो घरात एकच निघाला, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यातली बाई मीच आहे असं शपथेवर सांगता आलं नसतं. शेवटी नणंदेच्या मुलीच्या लग्नातला फोटो कापून घेतला. नणंद कापली गेली, पण तिचा हात माझ्या खांद्यावर राहिला तो राहिलाच. आजही माझ्या व्यावसायिक फोटोत खांद्यावर एक अधांतरी हात आहे, आणि त्याच्या बोटात हिऱ्याची अंगठी. ती बघून, 'हिचा दर आपल्याला झेपायचा नाही,' म्हणून गिऱ्हाईकं परत जात असावीत, असं नवऱ्याचं निदान आहे.

मग नावाखालची ओळ. मी लिहिलं, 'इंग्रजी–मराठी भाषांतर'. पुतण्यानं कपाळाला हात लावला. "हे तुम्ही काय करता ते झालं. तुम्ही *कोण* आहात ते सांगा." त्यानं स्वतःच लिहिलं : 'दोन संस्कृतींना जोडणारा सेतू'. मला वाचून जरा भरूनच आलं. मग इतर भाषांतरकारांची पानं बघायला घेतली, तर सगळेच सेतू. कैरोत सेतू, ब्यूनोस आयरेसमध्ये सेतू, नागपुरात तर सेतूंची रांगच. आमच्या सांगलीला कृष्णेवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे. पावसाळ्यात अर्धा महाराष्ट्र त्याच्याखालच्या पाण्याची पातळी फुटाफुटानं विचारत असतो. पंचेचाळीस फूट झालं की धोका. आम्हा बाकीच्या सेतूंखालून किती पाणी गेलं, हे विचारायला बाराही महिने कुणी येत नाही.

शेवटी त्यानं फोटोभोवती एक हिरवं कडं लावलं. 'कामासाठी उपलब्ध' असा त्याचा अर्थ. हे कडं जगातल्या कंपन्यांना दिसेल, असं तो सांगून गेला. दिसलं ते मिरजेच्या आत्याला.

"अगं, तुझी नोकरी गेली म्हणे!"

"आत्या, मला नोकरी नव्हतीच कधी."

"मग गेली कशी?"

याला उत्तर नव्हतं. संध्याकाळपर्यंत बातमी इचलकरंजी, कराड करत पुण्याला पोचली. एक चुलत दीर भडंगाचा पुडा घेऊन समाचाराला आले आणि अर्धा तास नवऱ्याशी हळू आवाजात बोलत बसले. एका मामांनी त्यांच्या ओळखीच्या पतसंस्थेत माझ्यासाठी शब्द टाकला. पतसंस्थेचा फोन आला तेव्हा मी बेसावधपणे "हो, मी भाषांतर करते" म्हणून गेले, तर पलीकडचे गृहस्थ दिलासा देत म्हणाले, "असू दे, असू दे. टायपिंग येतंय न्हवं?" माझ्या आयुष्यात सोशल मीडियावरून आलेली ही पहिली ऑफर.

पुतण्याचं फोनवरून मार्गदर्शन चालूच होतं. "ओळखी वाढवा, काकू." लिंक्डइनवर पाचशे ओळखी झाल्या की पुढचा आकडा दिसत नाही, नुसतं '५००+' दिसतं, त्या अधिक चिन्हामागे पाच हजार असतील किंवा एक नणंद. मी जिवाच्या करारावर त्या अधिकपर्यंत पोचले. मग एका निवांत दुपारी हे पाचशे अधिक लोक आहेत तरी कोण, म्हणून बघायला बसले. एजन्सीत माणसं नेमणारे पाच-सात, विमा एजंट बरेच, घरबसल्या कमवा म्हणणारे त्याहून बरेच, आणि उरलेले सगळे भाषांतरकार. सगळे हिरव्या कड्यातले. मी कामाबद्दल काही लिहिलं की ते 'किती सुंदर विचार!' म्हणायचे, त्यांनी लिहिलं की मी म्हणायची. एकमेकांना विकायला आमच्यापैकी कुणाकडेही काही नव्हतं, आणि विकत घ्यायला तर नव्हतंच नव्हतं. पण बाजार गजबजलेला होता.

३० सप्टेंबरला हा बाजार उतू जातो. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली त्याला मान्यता दिली, पण पाळतात तो भाषांतरकारच, आणि शुभेच्छाही आम्हीच आम्हाला देतो. हा दिवस संत जेरोमच्या पुण्यतिथीचा. त्यांनी बायबल लॅटिनमध्ये आणलं. मी त्यांचं चरित्र चाळलं ते गिऱ्हाईक कसं मिळवलं एवढंच बघायला. गिऱ्हाईक होतं पोप दमासस! म्हणजे ऑर्डर थेट धर्मपीठाची. पोप वारल्यावर जेरोम बेथलेहेमला गेले, तिथला खर्च पाउला नावाच्या श्रीमंत रोमन विधवेनं उचलला. हिरवं कडं वगैरे काही नाही. ते वाचून मी जरा नाराजच झाले. पण पुढे एक गोष्ट कळली आणि या संताबद्दल एकदम माया वाटू लागली. संत ऑगस्टिननी त्यांच्या लेखनावर टीका करणारं एक पत्र पाठवलं होतं. ते जेरोमना मिळायच्या आधी इटलीत इतरांनीच वाचलं, आणि जेरोम खवळले. पत्रानंच कळवायचं तर ते सगळ्या गावाला आधी कसं कळलं? म्हणजे इनबॉक्समध्ये सांगायची गोष्ट कॉमेंटमध्ये लिहायची खोड पाचव्या शतकातल्या संतांनाही होती. आमच्या व्याकरणकाकांना एकट्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

व्याकरणकाका हे माझ्या ओळखीचे कुणी नव्हेत. पण मराठीत कुणी काही लिहिलं की ते येतातच. प्रत्येकाचे वेगळे असतात, एवढंच. मी एकदा फेसबुकवर माझं दरपत्रक टाकलं. साधी गोष्ट : काय काय करते आणि शब्दाला किती घेते. पाच मिनिटांत काकांची कॉमेंट : "भाषांतरकार म्हणवता आणि 'रेट' लिहिता?" मी आभार मानून 'दर' केला. तोवर दुसरे एक काका आले आणि म्हणाले, रेट हा शब्द आता मराठीच आहे, तुमच्यासारख्यांमुळे भाषा मरते. पहिले म्हणाले, तुमच्यासारख्यांमुळे मरते. मग परकीय शब्द आले, मग पेशवाई आली, मग बोर्डाच्या शाळा, आणि रात्री अकराच्या सुमाराला दोघांपैकी एकाच्या जावयापर्यंत मजल गेली, कारण तो कॅनडात असतो. खाली पब्लिक जमलं. कुणी हसरे चेहरे टाकले, कुणी 'पॉपकॉर्न घेऊन बसलोय' लिहिलं. एका सद्गृहस्थांनी दोघांनाही फोन नंबर देऊन चहाला बोलावलं.

"काकू, केवढा रीच!" पुतण्या फोनवर ओरडला. "पोस्ट फाटलीये!"

"अरे, पण दर कुणी विचारला?"

"रीच बघा हो!"

मी वरपासून खालपर्यंत सगळ्या कॉमेंट वाचल्या. दर एकानंच विचारला होता. आमच्या दूधवाल्यानं. "वहिनी येवढं घेता व्हय," असं त्यानं लिहिलं होतं आणि पुढच्या महिन्यात लिटरमागे दोन रुपये वाढवले.

लिंक्डइनवर मात्र दरपत्रक चालत नाही, तिथे आयुष्याचे धडे चालतात. त्याची एक रीत आहे. एक वाक्य लिहायचं. मग एक ओळ मोकळी सोडायची. मग पुन्हा एक वाक्य. पहिलं वाक्य असं, की वाचणाऱ्याला वाटावं कुणीतरी गेलं. "आज सकाळी मी रडले." मोकळी ओळ. "भाजीवाल्यानं मला कोथिंबीर फुकट दिली नाही." मोकळी ओळ. "त्या क्षणी मला मूल्य या शब्दाचा अर्थ कळला." असं करत करत शेवटी, तुम्हाला काय वाटतं, असं विचारून थांबायचं. हे मी खरोखर लिहिलं. तळमळीनं आलेल्या प्रतिसादांत एक मुंबईच्या बाईंचा होता. त्यांनी विचारलं, सांगलीत कोथिंबीर काय भावानं आहे. बाकीच्यांनी, मी इतकी खचले असेन तर कुणाशी तरी बोलावं, असं सुचवलं. आत्याचा फोन आलाच.

इन्स्टाग्रामचं फार सांगत नाही. तिथे गाण्यावर डुलत हवेत बोट दाखवायचं असतं आणि बोट दाखवलं तिथे नंतर अक्षरं उमटतात. मी हॉलमध्ये मोबाईल टेकवून डावीकडे, उजवीकडे, वर अशी बोटं दाखवत होते, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग मी दाखवत होते त्या छताच्या कोपऱ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "दिसलं गं. जळमटं. झाडू आणते." त्या रीळमध्ये शेवटी सासूबाई झाडू घेऊन येतात. आमच्या घरची सगळ्यांत जास्त पाहिली गेलेली गोष्ट तीच. खाली एकानं विचारलंय, आजी सफाईचं काम घेतात का.

खरं काम मिळतं ते भाषांतरकारांच्या ग्रुपवर, असं मग मला एका सेतूनं सांगितलं. असे ग्रुप फेसबुकवर आहेत, व्हॉट्सअॅपवर आहेत, टेलिग्रामवर आहेत. तिथे दिवसभर शांतता असते. मग कुणीतरी लिहितं, "अर्जंट! मराठी ट्रान्सलेटर हवा." पुढच्या मिनिटाला ग्रुप जिवंत होतो.

"इंटरेस्टेड."

"इंटरेस्टेड सर."

"सर ऑर मॅम, इंटरेस्टेड."

"चेक इनबॉक्स."

"तमिळ चालेल का?"

मग कुणीतरी विचारतं, दर काय? टाकणारा म्हणतो, तुमचा सांगा. इथून उलटा लिलाव सुरू होतो. एक जण शब्दाला दीड रुपया म्हणतो, दुसरा रुपया, तिसरा ऐंशी पैसे. पन्नास पैशांवर ज्येष्ठ मंडळी येऊन उपदेश करतात, की असे दर घेऊन तुम्ही धंदा बुडवताय. तोवर कुणी तीस पैशांवर उतरलेलं असतं. शेवटी एक विद्यार्थी म्हणतो, 'अनुभवासाठी मोफत करीन.' हातोडा पडतो. टाकणारा लिहितो, 'पोझिशन क्लोज्ड', आणि ग्रुप पुन्हा समाधीत जातो. मला वाटतं, आणखी पाच मिनिटं थांबला असता तर वर पैसे देऊन काम करणाराही सापडला असता.

जे अगदीच फुकट मागत नाहीत ते चाचणी मागतात. तीनशे शब्द करून दाखवा, मग बघू. मी दाखवले. मिरजेतल्या दुसऱ्या एका सेतूनंही दाखवले. बोलता बोलता आम्हाला दोघींना कळलं, की माझा उतारा जिथे संपतो तिथून तिचा सुरू होतो. पुढचा भाग साताऱ्यात निघाला. आम्ही तिघींनी उतारे जोडून पाहिले, तर वॉटर प्युरिफायरचं माहितीपत्रक शेवटची दोन पानं सोडून पूर्ण झालं होतं. ती दोन पानं कुणाकडे आहेत, याची मला अजून उत्सुकता आहे. प्युरिफायर बंद कसा करायचा, ते तिथेच असणार.

फसवणारे तर पावलोपावली. त्यातला एक प्रकार आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. परदेशातला कुणी लांबलचक काम देतो, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि वरचे पैसे परत करा म्हणतो. चेक वटत नाही. परत केलेले पैसे मात्र पोचतात. मी यातून वाचले त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही. मला जास्त पैसे देणारा माणूस या जगात असू शकतो, यावरच माझा विश्वास बसला नाही.

दुसरा प्रकार मात्र जिव्हारी लागला. एका अनोळखी एजन्सीची मेल आली : "आपण गेल्या महिन्यात आमच्यासाठी केलेलं काम मशीनचं असल्याचं आढळलं. पुढील काम थांबवत आहोत." मी गेल्या महिन्यात त्यांचंच काय, कुणाचंच काम केलं नव्हतं. फोन केला. तिथल्या मुलीनं शांतपणे वाचून दाखवलं : माझं नाव, माझं शिक्षण, माझा अनुभव, कीटकनाशकं, संमतीपत्रकं, सगळं माझंच, मेलचा पत्ता तेवढा वेगळा. लोकांच्या माहितीपत्रावर आपला पत्ता चिकटवून काम मिळवणाऱ्या टोळ्या असतात, हे मी ऐकलं होतं. त्यांतल्या कुणीतरी माझं माहितीपत्र उचललं होतं.

"मॅडम, सॉरी हं. आम्हाला ते तुम्हीच वाटलं."

"किती काम केलं मी?"

"तसं बरंच. चार-पाच महिने चालू होतं."

"आणि दर काय होता माझा?"

तिनं सांगितला. माझ्या दराच्या अडीचपट.

मी थोडा वेळ काही बोलले नाही. "पैसे वेळेवर मिळत होते मला?"

"हो मॅडम, तीस दिवसांत."

फोन ठेवला. नवरा म्हणाला, सायबर सेलला कळव. मी कळवलंही. पण खरं सांगायचं तर त्या माणसाला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. अटक वगैरे नंतर होऊ दे. माझंच नाव, माझाच अनुभव, खांद्यावर नणंदेचा हात असलेला माझाच फोटो, एवढ्याच भांडवलावर त्याला जे जमलं ते मला का जमत नाही, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. फी घेतली तरी चालेल.

घरच्या लोकांचं काम मात्र बिनचूक माझ्याकडेच येतं. व्हॉट्सअॅप स्टेटसला दर टाकले की चोवीस तासांत ते उडून जातात, आणि नातेवाईक नेमके पंचविसाव्या तासाला येतात. नवऱ्याचा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला आईवडिलांच्या जन्माच्या आणि लग्नाच्या दाखल्यांची इंग्रजी भाषांतरं हवी होती. अमेरिकेच्या इमिग्रेशनला अख्ख्या कागदाचं भाषांतर लागतं, शिवाय 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं भाषांतरकारानं सही करून द्यावं लागतं. ते दाखले कुण्या ग्रामसेवकानं पावसात, उभ्यानं, एका हातात छत्री धरून लिहिले असावेत. मी भिंगाखाली धरून दोन रात्री काढल्या. बिलाचा विषय निघाला तेव्हा भाऊजी इतक्या प्रेमानं हसले, की मलाच लाज वाटली. "वहिनी, घरचंच तर आहे!" दिवाळीत ते बदामाचं मोठं पाकीट घेऊन आले. रात्री मी बदाम मोजले. शब्दामागे एक बदामसुद्धा बसला नाही.

मराठीचा अभिमान उफाळून आला की मग विचारायलाच नको. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या रात्री माझा मोबाईल शुभेच्छांनी गरम झाला होता. हीच वेळ, असं समजून मी दरपत्रक पुन्हा टाकलं. लगेच एकानं लिहिलं, "ताई, आज तरी पैशाचं बोलू नका." दुसऱ्यानं लिहिलं, "अभिजात भाषेची सेवा घडतेय, हेच खरं मानधन." आणि दर २६ फेब्रुवारीला रात्री अकरा वाजता कुठल्या ना कुठल्या जाहिरात कंपनीतल्या मुलाचा मेसेज येतो : "मॅम, उद्या मराठी भाषा गौरव दिन आहे. क्लायंटला सकाळी आठपर्यंत अभिमान हवाय. चारच ओळी. बजेट नाहीये, पण तुम्हाला टॅग करू." क्लायंट कोण, म्हणून बघावं तर सिमेंट नाहीतर बनियन.

एवढं सगळं झाल्यावर, फेसबुकवर जाहिरात दिसलेल्या एका वेबिनारला मी बसले नसते तरच नवल. 'फ्रीलान्सरांनो, क्लायंट तुमच्यामागे धावतील!' मूळ किंमत ४,९९९ रुपये, आज रात्री बारापर्यंत ९९ रुपये. (बारा वाजून गेल्यावरही ९९ च होती. दुसऱ्या दिवशीही. त्या सवलतीला मरण नाही.) कोचसरांच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं, मध्येच त्यांचा कान त्या कपाटात विरघळायचा, तेव्हा कपाट खोटं आहे हे कळायचं. ते म्हणाले, "डोळे मिटा. तुमचा आदर्श क्लायंट डोळ्यांसमोर आणा. त्याला नाव द्या. तो कसा दिसतो? काय खातो?"

मी डोळे मिटले. नाव ठेवलं अॅडव्हान्सराव. पन्नाशीचे, शांत, सदरा-लेंगा. काय खातात ते दिसेना, पण बिल मिळाल्याबरोबर पैसे पाठवत होते आणि वर "पोचले का हो?" म्हणून विचारत होते. मला खरंच हुंदका आला. शेजारून नवऱ्यानं विचारलं, कोण गं हे अॅडव्हान्सराव? त्याला समजावून सांगण्यात वेबिनारचा दुसरा भाग बुडाला.

पण मी शेवटपर्यंत थांबले आणि प्रश्नोत्तरांत माझं काम काय ते लिहिलं. दोन दिवसांनी खुद्द कोचसरांचा मेसेज. त्यांना हा अख्खा कोर्स मराठीत हवा होता. महाराष्ट्रात क्लायंट नसलेले फ्रीलान्सर भरपूर आहेत, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. काम वीस हजार शब्दांचं.

मी दर सांगितला.

"मॅडम, जरा जास्त होतोय. असं करू, तुमचं नाव शेवटच्या स्लाइडवर टाकू. एक्स्पोजर मिळेल."

तोवर कोर्स माझ्या हातात आला होता. मी चौथा धडा उघडला आणि वाचून दाखवला. 'एक्स्पोजरच्या बदल्यात काम करू नका. मागितलं म्हणून दर उतरवू नका. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. जो ग्राहक हे मान्य करत नाही, त्याला हसून निरोप द्या.'

पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "मॅडम, हे क्लायंटशी बोलताना वापरायचं असतं."

"तुम्ही क्लायंटच आहात ना, सर?"

"मी? मी तर कोच आहे!"

"मग मी हसून निरोप देऊ का?"

संध्याकाळी निम्मे पैसे खात्यात जमा झाले. आदर्श क्लायंटचा सदरा-लेंगा नव्हता आणि मागचं कपाट खोटं होतं, पण मी फार चिकित्सा केली नाही. महिनाभर बसून काम संपवलं. उरलेले पैसेही आले. शेवटी कोचसरांनी विनंती केली की मराठी जाहिरातीसाठी चार शब्द लिहून द्या, तुमच्या फोटोसकट टाकू. मी लिहून दिलं : "सोशल मीडियावर क्लायंट कसे मिळवायचे, हे शिकवणाऱ्या सरांमुळेच मला सोशल मीडियावरून क्लायंट मिळाला."

त्यात एक अक्षर खोटं नाही. सर इतके खूश झाले, की त्यांनी ते तासाभरात सगळीकडे लावलं; खाली लगेच 'इंटरेस्टेड', 'चेक इनबॉक्स' सुरू झालं. त्यांचा आभाराचा फोन आला तेव्हा मी दुसरं बिल पाठवत होते.

"हे कसलं, मॅडम?"

"तेरा शब्द झाले, सर."